शेंदराखालचा दगड

निरगुडसर,
८ एप्रिल २०२५

गोरक्ष,

कुणी मेलेलं नाही, हे आधी लिहिते. या घरातून गेल्या वीस वर्षांत तुला दोनच निरोप आले, आधी आईचा, मग अण्णांचा. तिसरा माझाच असणार असं समजून तू पाकीट न उघडता बाजूला ठेवशील, म्हणून सुरुवातीलाच सांगून टाकलं. मी ठणठणीत आहे. गुडघे सोडले तर.

फोन तू उचलत नाहीस. मंगलचा नंबर माझ्याकडे आहे, पण नवरा आणि नणंद यांच्यामध्ये तिला कशाला उभी करायची? शिवाय फोनवर माझा आवाज चढतो. ओतूरच्या शाळेत भूगोल शिकवून शिकवून त्याला ती खोडच लागली आहे. निवृत्त होऊन इथे राहायला आले तेव्हापासून तो चढवायला समोर कुणी नसतं, ही गोष्ट वेगळी.

बातमी अशी की आपल्या बिरोबानं खोळ टाकली. रामनवमीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी देवळात दिवा लावायला गेले, तर शेंदराचं सगळं कवच देवापुढे पडलेलं. कलिंगडाची साल पडावी तसे जाड जाड तुकडे. अण्णा दर अमावास्येला तेलात शेंदूर कालवून लावायचे, त्यांच्या आधी आजोबा, त्यांच्याही आधी पणजोबा. इतक्या वर्षांचं ओझं देवानं यंदाच्या उन्हाळ्यात उतरवून ठेवलं. आत एवढासा देव आहे रे. लहान कळशीएवढा. तो इतका बारीक निघेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

मी चिमाजीला हाक मारली. अण्णांमागे भाऊबंदांत तोच मोठा, आणि देवाला शेंदूर लावायचा तो पुरुषांनीच, हे तुला माहीत आहे. त्यानं दारातूनच हात जोडले. त्याचं ठरलं ते असं: अक्षय्य तृतीयेला सगळे भाऊबंद जमतील, देवाला जागेवरून उचलून दुधानं धुतील आणि नवा शेंदूर चढवतील. तोवर दार बंद, माझा सकाळचा दिवा तेवढा चालू. पडलेली खोळ वाहत्या पाण्यात सोडावी लागते आणि नदीत आत्ता नुसती वाळू, म्हणून कालव्याचं आवर्तन सुटेपर्यंत ती गोणपाटात बांधून माझ्याकडे ठेवली आहे.

आता ज्यासाठी पत्र लिहायला बसले ते सांगते. चिमाजी गेल्यावर मी देवाजवळ बसले आणि दगड नीट पाहिला. ओतूरची पोरं मला मागून दगडबाई म्हणायची, तेव्हा माझ्याकडून दुसरं काय होणार? तो काळा नाही. गुलाबीसर आहे. त्यात दुधी काचेसारखे गारगोटीचे कण आहेत आणि मधूनमधून अभ्रक चमकतं. कण चांगले जाड्या मिठाच्या खड्यांएवढे. चाकूचं टोक हळूच फिरवून पाहिलं, ओरखडासुद्धा उठला नाही. (देवानं माफ करावं. चिमाजी नाही करायचा.)

हा ग्रॅनाइट आहे, गोरक्ष. आपल्याकडचा सगळा दगड लाव्ह्याचा. तो जमिनीवर पसरला आणि भराभर निवला, त्यामुळे त्यातले कण डोळ्यांना दिसतही नाहीत. विहीर खणताना कधी पोकळीत पांढरे स्फटिक सापडतात, पण दगड तोच, काळा. इथून माळशेज घाट उतरून तुझ्या टोकावड्यापर्यंत कुठेही खण, काळा कातळच लागेल. ग्रॅनाइट जमिनीच्या पोटात खोलवर, लाखो वर्षं सावकाश निवतो, म्हणून त्याचे कण एवढे मोठे होतात. तो कर्नाटकात आहे, खाली सिंधुदुर्गात आहे, पार भंडाऱ्याकडे आहे. निरगुडसरात नाही. शाळेच्या नमुन्यांच्या पेटीत ग्रॅनाइटचा एक तुकडा होता, तोही बाहेरून मागवलेला.

अण्णांची गोष्ट तुला पाठ असेल. पणजोबांच्या मेंढ्यानं जमिनीला शिंग मारलं आणि देव वर आला. इथे कालवा आला, ऊस आला, मेंढरांना पाय टाकायला जागा राहिली नाही, म्हणून तू घाटाखाली घर करायचं ठरवलंस आणि देव मागितलास. वर्षाआड तरी द्या म्हणालास. तेव्हा देवळाच्या ओट्यावर सगळ्यांसमोर अण्णा म्हणाले, “देव हितल्या भुईतनं आलाय. त्यो उपटता येत न्हाई. जो जातो त्यो देव सोडून जातो.” आणि तू गेलास.

तर देव इथल्या भुईतून आलेला नाही. कुणीतरी त्याला घोड्यावर घालून, नाहीतर घोंगडीत बांधून लांबून आणलं आहे. आपल्या ओव्यांत कानडी मुलखाचं नाव येतं ते उगाच नसावं. तुझ्याबरोबर घाट उतरायला त्याची काहीच हरकत नव्हती. हरकत अण्णांची होती.

तीजेच्या आधी ये आणि तुझ्या डोळ्यांनी बघ. तू सोबत असलास तर मी हे सगळ्यांना सांगेन. एकदा नवा शेंदूर चढला की तुझ्यामाझ्या हयातीत हा दगड पुन्हा दिसायचा नाही.

आक्का


१५ एप्रिल

गोरक्ष,

उत्तराची वाट पाहिली नाही असं लिहिणार होते. पण पोस्टमन दिसला की मी फाटकापाशी काहीतरी काम काढते आणि तोही आता लांबूनच मान हलवून नाही म्हणतो. तेव्हा खोटं कशाला बोलू?

तुझं गुपित मला कळलं आहे. रागावू नकोस, खाली बस आणि वाच.

परवा दुपारी वेळ जात नव्हता म्हणून गोणपाट सोडलं आणि खोळीचे तुकडे जुळवत बसले. शेंदराचे थर स्पष्ट दिसतात. आतले काळपट लाल, बाहेरचे केशरी. लाव्ह्याचे थर वाचतात तसेच हे वाचता येतात. आतला जुना, बाहेरचा नवा. एखादा थर तुटला असेल तर तो तुटण्याआधीचा, आणि तुटलेल्या जागेवरून सलग गेला असेल तर नंतरचा. सातवीच्या पोराला कळेल इतकं सोपं आहे.

देवाच्या पाठीकडच्या तुकड्यात जुने थर एका जागी येऊन एकदम संपले होते, सुरीनं कापल्यासारखे. त्यांच्यावरून नवे थर मात्र अखंड गेलेले. मी उठून देवळात गेले आणि भिंतीकडून वाकून देवाची पाठ पाहिली. मुठीएवढा तुकडा निघालेला आहे. कडा अजून धारदार आहेत. तू गेलास त्या वर्षी माझी दगड फोडायची हातोडी हरवली होती. ती तुझ्याकडे असेल तर राहू दे, पण चांगली होती.

हे वाचून तू पत्र मिटून ठेवशील. पण मला त्याहून मोठी गोष्ट सांगायची आहे. जुने थर संपतात आणि नवे सुरू होतात त्यांच्यामध्ये शेंदराचा एक गोळा आहे. देवाची पाठ पुन्हा गोल दिसावी म्हणून खळग्यात दाबून भरलेला. वरचे पापुद्रे सुटत होते, ते काढले तसा तो अलगद हातात आला. त्यावर बोटं उमटली आहेत. तीन बोटं आणि एक अंगठा. तेव्हा अण्णांशिवाय देवाला शेंदूर कोण लावत होतं?

अण्णांना माहीत होतं, गोरक्ष.

तू गेल्यानंतरच्या पहिल्याच अमावास्येला त्यांच्या हाताला तो खळगा लागला असणार. कुणाचं काम तेही त्यांनी ओळखलं असणार. त्यांनी तो भरून काढला, वरून नेहमीचा शेंदूर लावला आणि मरेपर्यंत आईला सांगितलं नाही, मला सांगितलं नाही, चिमाजीला तर नाहीच. ओट्यावर बसून भुईतून आलेल्या देवाची गोष्ट मात्र सांगत राहिले. आधी मला त्यांचा भयंकर राग आला. एवढं पोटात ठेवलं तर तुला एक निरोप धाडायला काय झालं होतं? मग त्या अंगठ्याच्या ठशावर माझा अंगठा ठेवला आणि खूप रडले. घरात कुणी नव्हतं म्हणून मोठ्यानं रडता आलं.

आता अडचण ऐक. तीजेला देव उचलतील तेव्हा त्याची पाठ सगळ्यांना दिसेल. चिमाजीला थर वाचता येत नाहीत, पण मोडलेला देव ओळखायला भूगोल शिकावा लागत नाही. तू स्वतः तुकडा घेऊन आलास आणि माझ्याजवळ उभा राहिलास, तर मी त्यांना दगडही दाखवीन आणि अण्णांची बोटंही. अण्णांनीच झाकलं म्हटल्यावर कुणाची बोलायची हिंमत होणार नाही. तू आला नाहीस तर काय करायचं, हे मला अजून सुचलेलं नाही.

आक्का


२३ एप्रिल

गोरक्ष,

काल मंगलचा फोन आला. तिच्यावर चिडू नकोस, तिला राहवलं नाही. हळू आवाजात बोलत होती, तू शेरडं घेऊन लांब गेला होतास तरी. म्हणाली, “आक्का, तुमचं पत्र वाचलं आन् दोन दिस नीट जेवले न्हाईत. मला काय बी सांगत न्हाईत.” मी विचारलं, घरात काही आहे का? ती म्हणाली की कोनाड्यात शेंदराचा एक देव आहे, मुठीएवढा. तू त्याला कुणाला हात लावू देत नाहीस. लेकीच्या, हर्षालीच्या, लग्नातही तिला लांबूनच पाया पडायला लावलंस.

आणि मग तिनं खरं कारण सांगितलं. म्हणाली, “आत्याबाई गेल्या तवापासनं त्यांच्या मनात बसलंय. मी देव फोडला, म्हणून देवानं आई न्हेली.”

आईला नदीवर नेलं तेव्हा तू आला होतास. बाभळीखाली उभा होतास, जवळ आला नाहीस, खांदा दिला नाहीस, आणि राख निवायच्या आत निघून गेलास. सगळे म्हणाले, बघा केवढा ताठा. मलाही तेच वाटलं. एवढी वर्षं मी तुझ्या ताठ्याशी मनातल्या मनात भांडत होते आणि तू तिकडे घाबरून बसला होतास.

आता नीट ऐक. आईची किडनी तू जायच्या कितीतरी आधीपासून निकामी होत आली होती. मंचरला डॉक्टरकडे तिला मीच न्यायची. तुला कळू द्यायचं नाही असं तिनं बजावलं होतं, कारण तू मेंढरं विकून पैसे आणशील ही तिला धास्ती. पाय सुजायचे म्हणून ती लांब लुगडं नेसून बसायची. दगडानं तिला नेलं नाही. देवानं नेलं असेल तर ते त्याचं तो जाणे, पण तुझ्या हातोडीमुळे नाही.

आणि दगड फुटला म्हणजे मेला असंही होत नाही. मी आयुष्यभर दगडच फोडले आहेत. डोंगराएवढ्या ग्रॅनाइटमध्ये जी खनिजं असतात तीच मुठीएवढ्या तुकड्यात असतात. तुझ्याकडे देवाचा टवका नाही, देवच आहे. हे मी धीर द्यायला म्हणून सांगत नाही, ते तसंच आहे.

आवर्तन सुटलं. चिमाजी आणि त्याचा पप्पू येऊन खोळ घेऊन गेले आणि कालव्यात सोडून आले. अण्णांच्या बोटांचा गोळा मी गोणपाटात घातला नाही. तो फडताळात वाटीखाली आहे, तुझ्यासाठी.

अजून आठवडा आहे. तू येणार असशील तर मंगलला फक्त हो म्हणून सांग, ती मला कळवेल. माझ्या हातून दिवसभर काही काम होत नाही.

आक्का


१ मे

गोरक्ष,

काल तीज झाली. तू आला नाहीस.

सकाळी सगळे जमले होते. बायका ओट्याखाली, पुरुष आत. चिमाजीनं आणि पप्पूनं देव उचलून पितळी परातीत ठेवला. दूध ओतता ओतता देव फिरला आणि पाठ दारासमोर आली. दूध त्या खळग्यात साठून राहिलं. चिमाजीनं बोट घालून कडा चाचपली आणि सरळ तुझं नाव घेतलं. “ह्यो गोऱ्याचा उद्योग हाय. जाताना फोडून न्हेला. म्हणून तर आईच्या मातीला जवळ फिरकला न्हाई.”

बघ, बाभळीखालचं त्यांनीही लक्षात ठेवलं होतं, अर्थ तेवढा वेगळा लावला होता. पुढचं ठरायला वेळ लागला नाही. पप्पूची जीप बाहेर उभीच होती. आजच्या आज टोकावड्याला जायचं, घराची झडती घ्यायची, तुकडा काढून आणायचा आणि तुला ओट्यावर सगळ्यांसमोर नाक घासायला लावायचं. दोघं-तिघं तर निघालेही. मला मंगलचा तो हळू आवाज आठवला. तुझा कोनाडा मी कधी पाहिलेला नाही, पण त्यात या लोकांचे हात गेलेले मला डोळ्यांपुढे दिसले.

मी म्हणाले, “मी फोडला.”

त्यांचा इतक्या चटकन विश्वास बसला की मला जरा वाईटच वाटलं. पण बसणारच ना. पोरं घेऊन ओढ्यानाल्यांत हातोडी मारत फिरणारी बाई म्हणून मला इथला आणि ओतूरचा असे दोन्ही तालुके ओळखतात. दगड दिसला की ही फोडणार, मग देव का सोडेल? चिमाजीनं विचारलं, “कशापायी, आक्का?” मी सांगितलं, आत काय आहे ते बघायचं होतं. तुकड्याचं विचारलं, तर म्हणाले की शाळेच्या पेटीत ठेवला होता, जुनी खोली पाडली तेव्हा पेटी कुठे गेली कुणास ठाऊक. पप्पूनं जीपची किल्ली खिशात टाकली.

ग्रॅनाइटचं मी बोलले नाही. त्या वेळी कोण ऐकणार होतं? दगडबाई आता शहाणपणही शिकवते असं झालं असतं. अण्णांच्या बोटांचंही काढलं नाही. ते काढलं असतं तर अण्णांनी हे कुणासाठी झाकलं असा प्रश्न आला असता आणि फोडणारा तूच निघाला असतास. त्या खळग्यात चिमाजीनं स्वतःच्या हातानं शेंदूर भरला, अगदी मन लावून. मग त्यानं माझ्याकडे न बघता सांगितलं, “आक्का, तुमी आता वट्यावर येऊ नगा. दिवा अंजना लावंल.” त्याच्या बायकोनं, अंजनानं, माझ्या हातातून तेलाची बुधली घेतली, आणि देवळाची किल्लीही. कुणी शिवी दिली नाही, कुणी आवाज चढवला नाही. कुणीतरी भांडायला हवं होतं, मला भांडता तरी आलं असतं.

आज पहाटे उठले, हात धुऊन वात वळली आणि मग लक्षात आलं. ती वात तशीच ताटलीत पडून आहे. देवावर माझा विश्वास किती, हे मला नीट सांगता यायचं नाही. पण रोज सकाळी मी त्याच्याशी बोलत होते. गुडघ्यांचं, तुझं, शेजारच्या म्हशीचं, काहीबाही. ते बंद झालं. आज दुपार झाली तरी माझ्या तोंडातून एक शब्द निघालेला नाही. हे तुला वाईट वाटावं म्हणून लिहीत नाही. थोडं त्यासाठीही लिहिते.

उपकार केले असं समजू नकोस. मी तेव्हा विचार करायला थांबलेच नाही. पण आता विचार केला तर मला इथे हा एकच देव होता आणि तो मला बंद झाला. उरला तो तुझ्या कोनाड्यातला.

पुढच्या गुरुवारी ओतूरहून कल्याणची एसटी धरते. ती टोकावड्याला थांबते, मी कंडक्टरला विचारून ठेवलं आहे. तू फाट्यावर आला नाहीस तरी चालेल, घर मी विचारत येईन. त्याला हात लावणार नाही, हर्षालीसारखी लांबूनच बघेन. तुझ्याशी बोलायचं नसेल तर बोलणारही नाही.

फक्त दार लावून घेऊ नकोस.

तुझी
आक्का